आखाजीला या, दिवाळीला जा

परदेशात कामाला जाणाऱ्या माणसानं सल्लागार कसा निवडावा, हे हिंगोलीत कोणाला शिकवावं लागत नाही. दुकानाला काच आहे का, आत गारवा आहे का आणि भिंतीवर विमान आहे का, एवढं बघतात. तिन्ही असलं की गिऱ्हाईक चपला बाहेर काढतं, सोफ्याच्या कडेवर बसतं आणि दाखवतील तिथं सही करतं. मी अडतीस वर्षं कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून बसलो. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. माझ्या दुकानात कधी कोणी चपला काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर त्या ठेवायला मला उठून रस्त्यावर बसावं लागलं असतं.

एवढ्याशा जागेतून मी अर्धा जिल्हा आखातात पाठवला. रहीमभाई म्हणतात, अर्धा नाही, पाव. रहीमभाई शेजारचे फोटोवाले. पासपोर्टचे फोटो तेच काढायचे, तेव्हा डोकी मोजायचा हक्क त्यांचा. पण त्यांच्या कॅमेऱ्यात निम्मी माणसं डोळे मिटून यायची, ती त्यांनी हिशेबात धरलेली नाहीत.

बाहेरच्या माणसाला हा धंदा सांगायचा तर असा आहे. आखातात माणूस आपल्या मर्जीनं राहत नाही. कंपनी त्याला राहायचा परवाना काढून देते, बहुधा दोन वर्षांचा. मुदत संपत आली की तिथं रक्त तपासतात, छातीचा फोटो काढतात आणि कंपनीच परवाना पुढं वाढवते. इथं हिंगोलीत बसून तो कोणाच्या बापाला वाढवता येत नाही. हे वाक्य संपादकांनी चौकट करून छापलं तरी चालेल, त्या एका वाक्यानं आमच्या धंद्यातले निम्मे लोक उपाशी मरतील. मग इथला सल्लागार करतो काय? आधारकार्डावर मारोती, पासपोर्टवर मारुती आणि कंपनीच्या कागदावर मोरोती झालेला माणूस एकच आहे, हे सिद्ध करतो. पासपोर्टची मुदत बघतो. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे सुट्टीवर आलेल्या माणसाला वेळेत गावातून हाकलतो.

हाकलायचं कारण असं, की ज्या मुलुखाचं मी सांगतोय तिथला परवानेवाला माणूस एकशे ऐंशी दिवसांहून जास्त बाहेर राहिला, की परवाना आपोआप मरतो. पत्र येत नाही, फोन येत नाही. कार्ड खिशात तसंच चकचकीत असतं, त्यावर पुढच्या सालची तारीख असते, आणि आत जीव नसतो. माणूस विमानतळावर जातो तेव्हा काउंटरवरची पोरगी त्याला ही बातमी देते, आणि तोवर घरची मंडळी निरोपाचं रडून परत फिरलेली असतात.

गिऱ्हाइकांबद्दल मला प्रेम आहे, पण ते दुरून. नरसीच्या एका घरात लक्ष्मीपूजनाला पासपोर्ट मांडला होता. कमावून आणतो तोच, म्हणून वहीच्या शेजारी त्यालाच हळदकुंकू वाहिलं, वर तांदूळ, वर तुपाचं निरांजन. पुढं विमानतळावरच्या मशीननं तो पासपोर्ट वाचायला नकार दिला. साहेबानं विचारलं, हे पिवळं काय आहे? आमचा गडी छाती काढून म्हणाला, हिंगोलीची हळद, एक नंबर. दुसऱ्या एकानं पासपोर्ट आणला तो लॅमिनेशन करून. एकेक पान नव्हे, पूर्ण पासपोर्ट, बंद करून, चारी बाजूंनी. मी विचारलं, "आता व्हिसा कुठं चिकटवायचा?" तर म्हणाला, "वरून चिकटवा की, पाणी लागत न्हाई आता."

असल्या लोकांना एकशे ऐंशी दिवस समजावणं म्हणजे भिंतीला शिकवणी लावणं. मी सांगायचो, ते मान हलवायचे आणि बाहेर जाऊन दुसऱ्याला सांगायचे, आठ महिने चालतंय म्हणे. दोष त्यांचाही नाही. आमच्याकडं पगार इंग्रजी तारखेनं होतो, पण लग्न तिथीनं लागतं आणि पेरणी नक्षत्रावर होते. तिथं घड्याळावर काम करणारा माणूस गावात आला की चार दिवसांत तारीख विसरतो. म्हणून मी एक युक्ती काढली. बहुतेकांना सुट्टी उन्हाळ्यात मिळायची. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आणि दिवाळी, यांच्यामधलं अंतर मी मोजून बघितलं. एका साली एकशे चौऱ्याहत्तर, एका साली पंच्याहत्तर, एका साली शहात्तर. दरवेळी एकशे ऐंशीच्या आत. पेंटरला बोलावून दुकानावर लाल-पिवळ्या अक्षरात पाटी लिहून घेतली: आखाजीला या, दिवाळीला जा.

ही पाटी माझ्या आयुष्याची कमाई होती. दिल्लीत एवढी मोठमोठी ऑफिसं आहेत, पण असला सुटसुटीत नियम तिथल्या एकाही साहेबाला सुचला नाही. नियम गावोगाव गेला. बायका सुनांना सांगायला लागल्या. पुसेगावच्या एका कीर्तनात बुवांनी दृष्टांतात घेतला म्हणे. मुंबईच्या विमानतळावर एका पोलिसानं आमच्या माणसाला विचारलं, काय रे, आखाजीला आला होता ना? हे मी स्वतः ऐकलेलं नाही, पण पोलिसाचं आडनाव मला सांगता येईल, एवढी बातमी पक्की आहे.

मग सात-आठ वर्षांपूर्वी नव्या बसस्टँडकडं ते काचेचं दुकान उघडलं.

मालक जेमतेम पंचविशीचा, गळ्यात टाय. पुण्याहून तीन महिन्यांचा कोर्स करून आला होता आणि कार्डावर लिहिलं होतं सीईओ. मीही त्याला सीईओच म्हणतो, खऱ्या नावानं हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही. भिंतीवर चार घड्याळं होती, खाली चार शहरांची नावं. तीन बंद पडलेली होती. चौथं हिंगोलीचं, ते चालू होतं पण वीस मिनिटं मागं. पण सीईओचं खरं भांडवल घड्याळं नव्हती, काचही नव्हती. तो येईल त्याला सर म्हणायचा. जन्मभर ज्याला लोकांनी अरे-तुरे केलं, त्याला गार हवेत बसवून कोणी सर म्हटलं की त्याचा हात आपोआप पेनाकडं जातो. मी हे काचेतून कितीदा तरी बघितलं आहे. मी तिथं बघायला जायचो असं नाही, माझा चहावाला त्या बाजूला होता. आधी दुसऱ्या बाजूला होता.

परवान्याच्या नूतनीकरणाची फी सीईओ वेगळी घ्यायचा. नूतनीकरण कंपनी करायची, हा फक्त कंपनीच्या वेबसाइटवर ते झालं का बघायचा आणि झालं की पेढे मागायचा. कोंबडं आरवल्यावर सूर्य उगवतो, त्याची फी लावावी तसा प्रकार. आणि एक दिवस बघतो तर त्याच्या काचेवर मोठ्या निळ्या स्टिकरात माझंच वाक्य: आखाजीला या, दिवाळीला जा. खाली त्याच्या कंपनीचं नाव. मी रहीमभाईंना म्हटलं, "चोरी बघा." ते म्हणाले, "गंगाधरराव, चोर भी वही चीज उठाता जिसका कुछ मोल है." त्यामुळं राग निम्मा राहिला. खरं सांगायचं तर मी चहा त्या दिवशी दोनदा पिऊन आलो, वाक्य उन्हात कसं दिसतं ते बघायला.

आता मारोतीचं.

मारोती डोंगरकड्याचा. आखातातल्या एका बंदरावर बारा वर्षं क्रेनच्या कामावर होता. पहिल्यांदा गेला तेव्हा त्याचे कागद मीच केले होते. तेव्हा तो जमिनीवर उभा राहून क्रेनवाल्याला हातानं खुणा करायचा. सहा वर्षांनी परीक्षा देऊन वर केबिनमध्ये बसला. तिथून मला फोटो पाठवला होता, खाली जहाज केळीच्या फण्यासारखं दिसत होतं. त्यानं आपल्या बापाला तो फोटो दाखवला तर बाप म्हणाला, खाली उतर पहिलं.

त्या साली बंदरावर काम कमी होतं. कंपनीनं क्रेनवाल्यांना बिनपगारी लांब सुट्टी दिली आणि सांगितलं, मुदतीच्या आत या, तुमची क्रेन तुमचीच. मारोती नेमका आखाजीला घरी आला. परत कधी जायचं आणि परवाना वाढवायचं काय, हे विचारायला माझ्याकडं न येता काचेच्या दुकानात गेला. बायको बरोबर होती, तिला माझ्या दुकानात उभं कसं करायचं, असं त्याला वाटलं असावं. सीईओनं त्याला सर म्हटलं, तिला मॅडम म्हटलं, दोघांना थंड पाजलं आणि सांगितलं, "दिवाळी करून जा सर. टेन्शनच घेऊ नका. बाकी आमच्यावर सोडा." काचेवर लिहिलेलंच होतं. मारोतीनं फी भरली आणि घराचं बांधकाम काढलं.

ते साल धोंड्याचं होतं. धोंडा म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांतून एकदा येणारा जादाचा महिना. त्या महिन्यात जावयाला सासरी बोलावून देवासारखं जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. मारोतीला बारा वर्षांत एकाही धोंड्याला सुट्टी मिळाली नव्हती. पुसेगावचे त्याचे सासरे त्यामुळं चार धोंड्यांची उधारी मनात धरून बसलेले. यंदा जावई हातात सापडला म्हणून त्यांनी असा बेत केला की शेजारच्या तीन गावच्या सासऱ्यांची अडचण झाली. तेहेतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, चांदीची वाटी, दिव्यांचं ताट, अंगावर नवे कपडे, डोक्याला फेटा. मारोतीचा तो फोटो रहीमभाईंनीच काढला, पुसेगावला जाऊन. माणूस मध्ये, चारी बाजूंनी अनारसे, आणि चेहरा असा की आता पळून जाता येणार नाही.

त्या साली श्रावण दोन आले. पहिला जादाचा, दुसरा नेहमीचा. लोकांनी भीतीपोटी दोन्ही पाळले. दोन महिने मटण बंद, हे अख्ख्या जिल्ह्याच्या लक्षात राहिलं. त्याचा आणखी काही अर्थ होतो, हे जिल्ह्यातल्या एकाही विद्वानाच्या लक्षात आलं नाही. विद्वानांत मी स्वतःला धरतो.

दसऱ्याला मी कॉम्प्युटर, प्रिंटर आणि जुन्या टाइपरायटरला झेंडूचे हार घालतो. त्या दुपारी मारोती सोनं द्यायला आला. आपट्याचं पान हातात ठेवलं, पाया पडला आणि म्हणाला, "काका, एवढं तिकीट छापून द्या. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघून राहिलो. सीईओच्या दुकानाला आज कुलूप हाय."

बरोबर सासरे होते, गुलाबी फेटा, हातात आपट्याची अख्खी फांदी. मी प्रिंटरचा हार जरा बाजूला केला, तिकीट छापून दिलं आणि सवयीप्रमाणं पासपोर्ट मागितला. तिथून निघाल्याच्या शिक्क्यावरची तारीख बघितली. समोर इंग्रजी कॅलेंडर होतं. मोजलं. परत मोजलं. मग रहीमभाईंना हाक मारून त्यांना मोजायला लावलं, कारण मला वाटलं मी भांग न पिता चुकतोय.

"एक सौ पचासी," रहीमभाई म्हणाले. आज. दिवाळीला अजून अवकाश होता.

मी मारोतीच्या कार्डाचा नंबर तिथल्या सरकारच्या वेबसाइटवर टाकला. लाल अक्षरात आलं, रद्द. मारोतीला इंग्रजी येतं. त्याला वाचून दाखवावं लागलं नाही.

"काहून रद्द?" सासरे म्हणाले. "जावईबापू आखाजीला आले, दिवाळीला निघाले. लोक हेच करून राहिले ना सगळे?"

रहीमभाईंनी भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर काढलं आणि बोटानं महिने मोजले. जादाच्या श्रावणापाशी बोट थांबलं. "ये एक महिना जास्ती घुसा ना बीच में," ते म्हणाले. "आमच्यात पण चाँदवरच महिने हाय. पण ईद कोणत्या उन्हाळ्यात येईल, कोणत्या थंडीत, भरवसा न्हाई. म्हणून आमचा एक पण माणूस टिकट चाँदवर काढत न्हाई. चाँद पे मोजनेवाले हम, और फसे तुम."

मला सगळं समजलं, आणि समजल्याबरोबर मी काचेच्या दुकानाला शिव्या द्यायला सुरुवात केली. मोठ्यानं, सविस्तर, त्याच्या कोर्सपासून ते बंद घड्याळांपर्यंत. डोक्यावर माझी पाटी होती, तिलाही झेंडूचा हार होता. हार जाड असल्यानं अर्धं वाक्य झाकलेलं होतं, तेवढंच बरं.  मारोती तिकिटाचा कागद घडी घालत होता, उघडत होता, परत घडी घालत होता. शेवटी म्हणाला, "क्रेन दुसऱ्याला देतील काका." एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे काचेच्या दुकानात गेलो. मी पहिल्यांदाच आत जात होतो. चप्पल काढली नाही.

सीईओनं सगळं ऐकून घेतलं. तोंडचा रंग जरा उडाला, पण टाय जागेवर होता. "डोन्ट वरी सर," तो मारोतीला म्हणाला. "सोल्युशन आहे. आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत. पाय फ्रॅक्चर होता, तीन महिने प्लास्टर होतं, असं सर्टिफिकेट घेऊ. मेडिकल कारण असलं की परत यायची स्पेशल परवानगी देतात तिकडं."

"द्या मग," सासरे म्हणाले. "डाव्या पायाचं द्या. उजव्यानं अडचण व्हायची."

परवानगीचं तो खरं बोलत होता. परवाना मेला तरी काही आठवडे एक फट उघडी असते. दंड भरून, बाहेर राहिल्याचं कारण आणि पुरावा जोडून अर्ज केला तर परत जायची मुभा मिळू शकते. मी म्हटलं, "सीईओसाहेब, या माणसाचं काम काय?"

"क्रेन ऑपरेटर."

"वर चढायला पायऱ्या किती असतात, मारोती?"

"शंभराच्या वर. लिफ्ट बंद असली की सगळ्या."

"तर पाय मोडलेला माणूस आहे असं तुम्ही सरकारी कागदावर लिहून देणार," मी म्हटलं, "आणि तेच सरकार त्याला शंभर पायऱ्या चढून केबिनमध्ये बसू देणार? परवाना जिवंत व्हईल आणि क्रेनचं लायसन मरेल. आणि उद्या तपासणीत हाड साबूत निघालं की दोन्ही मरतील आणि याला तिकडं आत टाकतील. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये हे कोणत्या महिन्यात शिकवतात?"

मला फार बरं वाटत होतं. आयुष्यात एवढं छान मी कधी बोललो नव्हतो. सासरेसुद्धा सोफ्यावरून माझ्याकडं बघत होते. तेवढ्यात सीईओ हळू आवाजात म्हणाला, "काका, आमी काय वेगळं सांगितलं? तुमच्या पाटीवर जे आहे तेच सांगितलं. आमी लहानपणापासून तेच ऐकत आलो."

दुकानातल्या यंत्राचा गारवा मला तेव्हा लागला. सासऱ्यांनी आधी काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना वाचता येत होतं.

मारोती माझ्याकडं आला असता तर मी काय सांगितलं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. शिक्का बघून दिवस मोजले असते, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मोजले नसते. एवढ्या वर्षांत मी ती पाटी लिहिली आणि मोजणं सोडलं. आधीच्या धोंड्याच्या सालांत कोणी पूर्ण सहा महिने राहिलं नव्हतं म्हणून कोणी बुडालं नाही. ती माझी हुशारी नव्हती, कंपन्यांचा कंजूषपणा होता. काच, गारवा, विमान सगळं बघून किंवा न बघून, मारोतीनं कुठलंही दुकान निवडलं असतं तरी उत्तर एकच मिळालं असतं.

मारोती उठला. "काका, चला," म्हणाला. "अर्ज तुमीच लिहा."

मला तेव्हा त्यानं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

अर्ज माझ्या दुकानात बसून लिहिला. कारणांची यादी होती: आजारपण, शिक्षण, कंपनीचं काम, इतर. इतर निवडलं. पुढं चार ओळींची जागा. धोंडा चार ओळींत मावत नाही. रहीमभाई म्हणाले, "चाँद का लिखो. उधर के लोग चाँद समझते." मग लिहिलं, की आमच्या गावात महिने चंद्रावर मोजतात, सूर्याशी मेळ बसवायला तीन वर्षांतून एक महिना जादा घालतात, तो यंदा आला, अर्जदारानं सणावर हिशेब ठेवला आणि तो एका महिन्यानं चुकला. आजार नव्हता, लपवाछपवी नव्हती. चुकीचा सल्ला देणाऱ्यांत अर्ज लिहिणारा स्वतः आहे, हेही लिहिलं होतं, पण जागा संपली म्हणून खोडलं. जागा संपली होती हे खरं आहे.

पुरावा म्हणून कॅलेंडरची दोन पानं जोडली, दोन्ही श्रावणांची, इंग्रजी भाषांतरासह. मारोतीनं फोरमनला फोन केला, त्यानं कंपनीचं पत्र पाठवलं की हा माणूस आम्हाला हवा आहे. आणि सासरे म्हणाले, "तो फोटो बी लावा. अनारशाचा. मंग त्यांना पटंल की महिना खरंच आलता."

मी हसलो. रहीमभाई हसले नाहीत, त्यांनी फोटो काढून दिला. लावला.

अकरा दिवस सासरे रोज पुसेगावहून यायचे आणि माझ्या बाकड्यावर बसायचे. मला काही म्हणायचे नाहीत, फक्त पाटीकडं बघायचे. माझ्या धंद्यात मी पोलीस बघितले, बनावट कंपन्या बघितल्या, एकदा विमानातून उतरवलेला नवरदेव बघितला, पण त्या अकरा दिवसांइतकं अवघड काही गेलेलं नाही.

बाराव्या दिवशी परवानगी आली. दंड भरा आणि तीस दिवसांत या. मारोती सांगतो की कंपनीचा कागदपत्रं बघणारा माणूस आत गेला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं फाइल उघडून त्याला एकच प्रश्न विचारला: हे जाळीचं गोल गोल काय आहे? सीईओ म्हणतो, सगळं ऑनलाइन होतं, कोणी आत-बित जात नाही. सीईओचं ऐकून कोणाचं भलं झालंय?

मारोती लक्ष्मीपूजनाच्या आधीच निघाला. दिवाळी त्यानं विमानात केली.

महिनाभरानं त्याचा फोन आला. मी म्हटलं, "वर हायेस का खाली?" मागून यंत्रांचा घरघराट येत होता.

"खाली," तो म्हणाला. "माझ्या क्रेनवर दुसरा बसवलाय. परवानगी येईपर्यंत जहाजं थांबत न्हाईत ना काका. आता परत हातानं खुणा करून राहिलो, त्याला."

 मग म्हणाला, "खालून क्रेन लई उंच दिसते काका. आधी ध्यानातच नव्हतं."

त्याला केबिन परत मिळाली, पण दीड वर्षानं. यंदा पुन्हा धोंडा आला. सासऱ्यांनी बोलावलं, तो आठ दिवस आला, आणि परतीचं तिकीट अनारशाच्या ताटाखाली ठेवून जेवला. तो माझ्याशी अजून पहिल्यासारखाच बोलतो. त्याची मला शिक्षा आहे.

त्या फोनच्या दिवशीच मी शिडी आणून माझी पाटी पुसली. पेंटरनं वीस वर्षांपूर्वी असला रंग मारला होता की रॉकेलला दाद देईना. शेवटी वरून पांढरा चुना ओढला, त्यातूनही लाल "या" दिसत राहिलं. त्यावर नवीन लिहिलं: तारीख मोजून देतो. लोकांना नवी पाटी आवडली नाही. यमक जुळत नाही म्हणाले.

मग उरली काच. सीईओला मी दोनदा निरोप पाठवला की ते स्टिकर काढ. तो म्हणाला, ब्रँडिंग झालंय. तेव्हा मी बादलीत पाणी घेतलं, रहीमभाईंकडून फोटो कापायचं पातं घेतलं, आणि भर दुपारी, तो डबा खात असताना, त्याच्या काचेसमोर उभा राहून माझं वाक्य एकेक अक्षर खरवडायला लागलो. "दिवाळीला" निघालं. "आखाजीला" अर्ध्यावर आलं तेव्हा तो हात न धुता बाहेर आला. भोवती दहा-बारा लोक जमलेले, माझ्या हातात पातं, कोपरापर्यंत निळा चिकटा.  सवयीनं त्याच्या तोंडातून गेलं, "सर, काय करून राहिले तुमी?"

जन्मात पहिल्यांदा कोणी मला सर म्हटलं. सही मात्र मी कुठंच केली नाही, उरलेलं "आखाजीला" खरवडून घेतलं आणि बादली उचलून घरी आलो.